मोजणी चुकली आणि कर्नल थांबला

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, या पाठातला कर्नल पलटणीतला नाही. उच्चार सारखा असला तरी शब्द वेगळा आहे. बदामाचे कवच फोडले की आत जो गर मिळतो, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाही याच नावाने ओळखला जातो. हा गाभा थांबला की संगणकाचे सगळे काम थांबते. १७ जून २०१९ रोजी जगापुढे आलेल्या एका दोषामुळे लिनक्सचा कर्नल दूर बसलेल्या माणसाला, कोणताही पासवर्ड न वापरता, थांबवता येत होता. दोषाचे मूळ पाहिले तर ते चौथी-पाचवीच्या गणितात सापडते. या पाठात आपण तो दोष समजून घेऊ, त्याचा हिशोब स्वतः करून पाहू आणि अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते हेही पाहू.

१. कर्नल काय करतो

आपण संगणकावर एकाच वेळी बरीच कामे करतो. एका खिडकीत पत्र टाइप होत असते, दुसरीत चित्र उघडलेले असते, मागे गाणे चालू असते. या सगळ्यांना प्रोसेसर, स्मृती म्हणजे मेमरी, डिस्क आणि नेटवर्क वाटून देण्याचे काम कर्नल करतो. कोणताही प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावत नाही, तो कर्नलकडे मागणी करतो. शाळेत कॅडेटने स्टोअरमधून बूट थेट उचलायचे नसतात, क्वार्टरमास्टरकडे मागायचे असतात, तसेच हे.

साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो आणि बाकीचे चालू राहतात. कर्नल बिघडला तर त्याच्यावर उभे असलेले सगळे एकदम कोसळते. लिनक्समध्ये या अवस्थेला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात.

फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला सुरुवात केली. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल आहे. इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर आणि पुण्याच्या सी-डॅकने उभारलेले परम मालिकेतले आजचे महासंगणकही त्यावरच चालतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्सवरच बेतलेली आहे. म्हणून लिनक्समधला दोष हा परक्या घरचा विषय राहत नाही.

२. सुरक्षेचे तीन पाय

संगणक सुरक्षा तीन पायांवर उभी असते. पहिला पाय गोपनीयता : माहिती नको त्याच्या हाती पडू नये. दुसरा अचूकता : माहितीत कोणी गुपचूप बदल करू नये. तिसरा उपलब्धता : गरजेच्या वेळी सेवा मिळावी.

पहिले दोन पाय सर्वांच्या लक्षात असतात, तिसऱ्याकडे दुर्लक्ष होते. चोरी झाली नाही, काही बदलले नाही, मग नुकसान कसले, असे वाटते. आपल्या जबलपूरला सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. तिथला कोणताही जवान या प्रश्नाचे उत्तर देईल. आघाडीवरून मदतीची मागणी निघाली, शत्रूला ती वाचता आली नाही, तिचे एक अक्षरही बदलले नाही, पण ती वेळेत पोचलीच नाही. अशा वेळी संदेशाची गोपनीयता काय कामाची? सिग्नल कोअरचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ आहे. त्यात चौकसपणाच्या आधी वेग आला आहे, हे ध्यानात घ्या.

सेवा ठप्प करणाऱ्या हल्ल्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात खोट्या मागण्यांचा पूर लोटून सर्व्हरला गुदमरवतात. दुसऱ्यात पूर लागत नाही. प्रोग्रॅममधली एखादी चूक हेरून, नेमके तेवढेच पाठवून सर्व्हर पाडतात. आपला आजचा दोष दुसऱ्या प्रकारचा आहे.

३. पोच आणि निवडक पोच

इंटरनेटवर मोठी माहिती एकसंध जात नाही. टीसीपी नावाची नियमावली तिचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला क्रम देते आणि समोरच्याकडून पोच मागते. पोच येईपर्यंत पाठवणारा सर्व्हर त्या तुकड्यांची प्रत आपल्या स्मृतीत जपून ठेवतो. तुकडा हरवला तर पुन्हा पाठवता यावा, हा हेतू.

समजा दहा तुकडे पाठवले आणि तिसरा हरवला. जुन्या पद्धतीत समोरचा एवढेच सांगू शके : ‘दुसऱ्यापर्यंत मिळाले.’ चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे त्याच्याकडे पोचलेले असूनही ते सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे पोचलेले तुकडेही पुन्हा पाठवले जात. यावर १९९६ मध्ये उपाय प्रसिद्ध झाला, तो म्हणजे ‘निवडक पोच’. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सॅक’ म्हणतात. आता समोरचा सांगू शकतो : ‘दुसऱ्यापर्यंत मिळाले, शिवाय चार ते दहाही मिळाले.’ मग फक्त तिसरा पाठवला की झाले.

ही सोय उत्तम आहे आणि आजही वापरात आहे. निवडक पोच आलेले तुकडे सर्व्हरला अजून टाकून देता येत नाहीत, कारण मधला तिसरा यायचा असतो. मग जागा आणि वेळ वाचावा म्हणून लिनक्सचा कर्नल असे शेजारचे गठ्ठे एकत्र बांधून एक मोठा गठ्ठा करतो. गठ्ठ्यात किती तुकडे आहेत, याची नोंद त्या गठ्ठ्यासोबतच असते. चूक याच नोंदीत होती.

४. सोळा घरांची पाटी

जुन्या स्कूटरच्या मीटरवर किलोमीटर मोजायला पाच घरे असतील, तर ९९,९९९ नंतर काय येते? १,००,००० लिहायला सहावे घर नाही, म्हणून ००,००० येते. गाडी लाखभर किलोमीटर धावली, पण मीटर म्हणते की ती आजच शोरूममधून निघाली.

संगणकाच्या प्रत्येक घरात ० किंवा १ एवढेच मावते. या घराला बिट म्हणतात. घरे एकाने वाढली की मावणाऱ्या संख्या दुप्पट होतात. ८ बिटांत २५६ संख्या मावतात, १६ बिटांत ६५,५३६. मोजणी शून्यापासून होत असल्याने १६ बिटांतली सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. त्यात एक मिळवला की पुन्हा शून्य.

लिनक्सच्या कर्नलमध्ये गठ्ठ्यातल्या तुकड्यांची संख्या लिहायला १६ बिटांची जागा ठेवलेली होती. एका गठ्ठ्यात ६५,५३५ पेक्षा जास्त तुकडे येतीलच कशाला, असा समज त्यामागे होता. नेहमीच्या वापरात तो खराही ठरतो.

५. हिशोब करून पाहा

वही-पेन्सिल घ्या. एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १७ कप्पे असतात. नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या संगणकावर एका कप्प्यात ३२ किलोबाइट, म्हणजे ३२ × १,०२४ बाइट मावतात.

पूर्ण भरलेला गठ्ठा : १७ × ३२ × १,०२४ = ५,५७,०५६ बाइट.

यात किती तुकडे होतील, हे तुकड्याच्या आकारावर ठरते. एरवी एका तुकड्यात हजार-दीड हजार बाइट असतात. म्हणजे तुकडे पाचशेच्या आसपास. मर्यादा फार दूर आहे.

पण जोडणी सुरू होताना समोरचा संगणक ‘मला एवढाच तुकडा झेपतो’ असे सांगू शकतो. लिनक्स त्याचे ऐकत असे, अगदी ४८ बाइटपर्यंत. त्यातले ४० बाइट नियमावलीच्या जादा सूचनांनी व्यापले, तर प्रत्यक्ष माहितीला उरतात फक्त ८. आता भागाकार करा.

५,५७,०५६ ÷ ८ = ६९,६३२ तुकडे.

पाटीवर मावतात ६५,५३५. म्हणजे पाटी पालटणार आणि तिच्यावर दिसणार : ६९,६३२ − ६५,५३६ = ४,०९६. गठ्ठ्यात जवळजवळ सत्तर हजार तुकडे असताना नोंद सांगते चार हजार.

हल्लेखोराला एवढेच करायचे होते. सर्व्हरशी साधी जोडणी करायची, तुकडा लहानात लहान मागायचा आणि निवडक पोच अशा क्रमाने पाठवायच्या की कर्नल गठ्ठे एकत्र बांधत जाईल.

६. कर्नल स्वतःहून का थांबला

इथे एक बारीक मुद्दा आहे. पाटी पालटल्याने संगणक आपोआप पडला नाही. कर्नलने स्वतः ताळा केला आणि स्वतःहून थांबला.

एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात तुकडे हलवण्यापूर्वी कर्नल तपासतो, की जेवढे हलवायचे तेवढे तरी मूळ गठ्ठ्यात आहेत ना? नोंद पालटलेली असल्याने उत्तर ‘नाही’ असे येते. हे अशक्य आहे, म्हणजे आपला हिशोब बिघडला आहे, असे ठरवून कर्नल काम बंद करतो.

कोतमध्ये रायफली परत येताना रजिस्टरशी एक जरी जुळली नाही, तर कोणालाही हलू देत नाहीत. ताळा बसेपर्यंत सगळे थांबतात. हा नियम योग्यच आहे, कारण चुकीच्या हिशोबावर पुढे काम केले तर नुकसान वाढते. कर्नलचा हेतूही तोच होता. पण बाहेरच्या माणसाला रजिस्टरमध्ये हवी तेव्हा खोट आणता आली, तर हाच चांगला नियम पलटण थांबवण्याचे साधन बनतो. या दोषात माहिती चोरीला जात नव्हती, बदलतही नव्हती. मोडत होता तो फक्त सुरक्षेचा तिसरा पाय.

७. कोणी शोधले, कशी दुरुस्ती झाली

मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून हा दोष कर्नलमध्ये होता. लिनक्सचा मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. हजारो जाणकार तो वाचतात. तरीही दहा वर्षे ही गोष्ट कोणाच्या नजरेत भरली नाही. नेटफ्लिक्स कंपनीतले अभियंते जोनाथन लूनी यांना ती सापडली. दोषाची अधिकृत नोंद सीव्हीई-२०१९-११४७७ अशी झाली आणि ‘सॅक पॅनिक’ हे नाव रूढ झाले.

त्यांनी शोध लागताच गाजावाजा केला नाही. आधी कर्नल सांभाळणाऱ्यांना कळवले. गूगलमधले एरिक ड्युमाझे यांनी दुरुस्ती लिहिली. दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्त्याही उपलब्ध झाल्या. खिंडार दिसले तर ओरडून शत्रूला सांगायचे नसते, आधी आपल्या माणसाला गाठून ते बुजवायचे असते. सुरक्षा क्षेत्रातला हा शिष्टाचार आहे.

दुरुस्ती फार छोटी होती. गठ्ठे एकत्र बांधण्यापूर्वी कर्नल आता दोन प्रश्न विचारतो. एकत्र केल्यावर बाइटांची संख्या ६५,५३५ × ८, म्हणजे ५,२४,२८० च्या आत राहील का? आणि तुकड्यांची बेरीज ६५,५३५ पेक्षा जास्त तर होत नाही ना? मर्यादा ओलांडत असेल तर गठ्ठे वेगळेच ठेवायचे. ज्यांना लगेच दुरुस्ती बसवणे शक्य नव्हते, त्यांना निवडक पोच तात्पुरती बंद ठेवण्याचा किंवा फार लहान तुकडे मागणाऱ्या जोडण्या अडवण्याचा सल्ला दिला गेला.

८. याच कुळातली आणखी दोन उदाहरणे

१९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ नावाचा हल्ला गाजला. इंटरनेटच्या एका पाकिटाची कमाल लांबी ६५,५३५ बाइट, कारण ती १६ बिटांत लिहितात. हल्लेखोर पाकिटाचे तुकडे असे पाठवत, की जोडल्यावर लांबी या मर्यादेपुढे जाई. त्या काळच्या अनेक ऑपरेटिंग सिस्टीम जोडताना कोसळत. वीस-बावीस वर्षांनंतर दुसऱ्या जागी तीच संख्या पुन्हा आडवी आली.

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. तिथे हल्लेखोर नव्हताच. क्राउडस्ट्राइक कंपनीचे संरक्षक सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नल पातळीवर काम करते. त्याच्या एका अद्ययावत फाइलमुळे ते २१ वी नोंद वाचायला गेले, पण हाती नोंदी २० च होत्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. त्या दिवशी आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कागद-पेनाने काम चालवता येते, हे कर्मचाऱ्यांना माहीत होते, म्हणून निदान काही विमाने तरी उडाली.

९. धाहरान, २५ फेब्रुवारी १९९१

सर्व्हर बंद पडला तर पुन्हा सुरू करू, असे वाटत असेल तर हा प्रसंग वाचा. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी तुकडी तैनात होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. एक दशांश ही संख्या बिटांत तंतोतंत लिहिता येत नाही. २४ बिटांत लिहिताना तिची शेपटी कापली जाई आणि दर वेळी अगदी सूक्ष्म चूक साठत जाई. शंभर तास सलग चालल्यावर ती ०.३४ सेकंद झाली. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. पॅट्रियटने आकाशात चुकीच्या जागी पाहिले, तिथे काही दिसले नाही आणि ते गप्प राहिले. स्कड बराकीवर पडले. २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

हा कर्नलचा दोष नव्हता आणि हल्लेखोराने घडवलेलाही नव्हता. पण गरजेच्या क्षणी यंत्रणा हजर नसणे, हेच तिथे घडले. पुढची गोष्ट अधिक बोचणारी आहे. दोष आधीच कळला होता. दुरुस्त सॉफ्टवेअर १६ फेब्रुवारीला तयार होते. २१ फेब्रुवारीला तुकड्यांना संदेश गेला, की यंत्रणा फार वेळ सलग चालवल्यास लक्ष्य हुकू शकते. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे संदेशात नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर चूक शून्यावर आली असती. त्याला मिनिट-दीड मिनिट पुरले असते. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचले २६ फेब्रुवारीला, म्हणजे एक दिवस उशिरा.

आदेशात आकडा का हवा, हे या प्रसंगाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

१०. आपल्यासाठी काय

कॅडेटांनी प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक मोजणीपाशी थांबून विचारावे : ही संख्या जास्तीत जास्त किती होऊ शकते? नेहमी किती असते, हा प्रश्न पुरेसा नाही. शत्रू नेहमीसारखा वागत नाही.

शिक्षकांनी प्रयोगशाळेतल्या संगणकांची यादी ठेवावी : कोणत्या यंत्रात कोणती आवृत्ती आहे, शेवटची दुरुस्ती कधी बसवली. आपल्या देशात सर्ट-इन ही संस्था २००४ पासून अशा दोषांच्या सूचना प्रसिद्ध करते. त्या नियमित वाचण्याची सवय लावावी.

पालकांनी फोनवर अपडेटची सूचना आली की ‘नंतर’ हे बटण महिनोन्महिने दाबत राहू नये. घरातल्या वाय-फाय राउटरमध्येही बहुधा लिनक्सच असते. त्यालाही अपडेट लागते.

आणि एक ताकीद. दोष समजला म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर तो करून पाहणे हा खेळ नाही. परवानगीशिवाय कोणाची सेवा बंद पाडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकायचे असेल तर स्वतःच्या, नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकावर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली शिका.

स्वाध्याय

१. ८ बिटांच्या पाटीवर ३०० पर्यंत मोजले, तर शेवटी कोणती संख्या दिसेल?

२. पॉवरपीसी जातीच्या संगणकावर कप्पा ६४ किलोबाइटचा असतो. तुकडा ८ बाइटचा धरून एकूण तुकडे काढा. १६ बिटांच्या पाटीवर काय दिसेल?

३. पाचव्या भागातल्या हिशोबात ८ ऐवजी ९ बाइटचा तुकडा घ्या. पाटी पालटेल का?

४. चर्चेसाठी : ताळा न जुळल्यावर कर्नलने थांबणे योग्य, की ते एक गिऱ्हाईक तोडून बाकीचे काम चालू ठेवणे योग्य? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.

५. आपल्या वसतिगृहात संगणक बंद पडला, तर हजेरी, मेस आणि दवाखाना यांचे काम कागदावर चालेल का? विभागवार यादी करा.

उत्तरे : (१) ४४. (२) १,३९,२६४ तुकडे, पाटीवर ८,१९२. (३) नाही. सुमारे ६१,८९६ तुकडे होतात आणि ते पाटीवर मावतात. दहा वर्षे लपलेला दोष आणि बिनधोक कर्नल यांच्यात फरक होता तो एका बाइटचा. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.